दुरा, धुरा

वासू परतला त्याला दोन महिने झाले.
पानठेल्यावर रोज कोणी ना कोणी विचारतं,
"मंग? थांबली का तिकडची लढाई?"
तो खर्रा घोटत राहतो.
एकदाच म्हणाला,
"कागदावर थांबली. कागद लय चांगला होता.
पाणी लागलं त्याले."

मी शेंदुरजन्याच्या अलीकडे, नदीकाठच्या वाफ्यात
जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचे डोळे बांधते.
साल चिरायची, डोळा आत सरकवायचा, पट्टी.
दिवसाला सातशे.
तो धुऱ्यावर येऊन बसतो
आणि पानठेल्यावर सांगत नाही ते सांगतो.

मलाकाल. पांढरी नाईल.
तारेच्या कुंपणाआड ताडपत्र्या, ताडपत्र्यांखाली माणसं,
आणि फाटकावर हा, युनोची निळी टोपी घालून.
"भांडणाऱ्यायच्या मधात उभं राहाचं, बस.
कोणाकून बोलाचं नाई.
आपल्या घरी जमलं का कोणाले, शकुनबाई?"

नाही जमलं.
आमचा आणि खेरड्यांचा दोन हात धुरा
अकरा वर्षं वरुडच्या कोर्टात आहे.
मधल्या काळात त्यावरचा निंब वाळला,
तीन साक्षीदार गेले,
मोजणीचा दगड कोणीतरी दोनदा हलवला.
एकदा आम्ही.

तिकडे ज्वारीला दुरा म्हणतात.
न्याकिम नावाची बाई फाटकावर आली, मुठीत दाणे,
बोट कुंपणाबाहेर, म्हणाली, दुरा.
ह्यानं ऐकलं धुरा.
"मले वाटलं, हेही वरुडले निघाले."

हसला. मग बराच वेळ
माझ्या पट्ट्या सरळ करून देत राहिला.

तिचं वावर हाकेच्या अंतरावर होतं.
बंदुकीच्याही.

साहेब लोक मोजायचे गोळ्या,
वहीत लिहायचे, परिस्थिती स्थिर.
हा पाहायचा तिनं काय पेरलं.
आधी भेंडी. दीड महिन्यात हाती येते,
पळायची पाळी आली तर फार बुडत नाही.
मग पाणी पडल्यावर दुरा.
"चार महिन्याचं पीक, बाई. चार महिने!
कोणाच्या भरवशावर पेरलं असंन तिनं?
माह्या?"

कणसं हुरड्यावर आली होती.
एका रात्री कोण कोणामागे धावलं ते कळलं नाही,
सकाळी वावर तुडवलेलं, एक कोपरा जळालेला.
ती आली. धांडे कापले, मोळी बांधली, नेली.
आठ दिवसांनी तिथंच वाकून काहीतरी टोबत होती.
भेंडी.

निघायच्या दिवशी ह्यानं आंब्याची कोय तिच्यापुढे धरली,
खुणेनं विचारलं, हे कधी?
ती इतकी हसली की पोरं गोळा झाली.
दुभाष्या पोरगा म्हणाला,
"ती म्हणते, ज्या दिवशी आंबा लावीन
त्या दिवशी तू इथं नसशील."

कोय कुठंय मग?
खिशात होती म्हणे, विमानतळावर काढून घेतली.

काल खेरड्यांचा पोरगा आला.
गाडी लांब उभी केली, चालत आला.
चाळीस कलमं पाहिजेत.
कुठं लावतोस?
"धुऱ्याले लागून. एक वळ."
कोणत्या अंगानं, ते मी विचारलं.
तो जमिनीकडे पाहत म्हणाला,
"आमच्याच."

डोळा लागला की नाही, वीस-एकवीस दिवसांत कळतं.
पट्टी सोडायची, हिरवा असला तर हिरवा.
फळ पाहायला पाच-सहा वर्षं,
तेही पाणी पुरलं तर.
एवढी वर्षं कोणी भांडत राहायच्या जागी
झाड लावत नाही,
किंवा लावतंही. मला सांगता येत नाही.

भाव सांगितला. कमी केला नाही.
सतरा तारखेला पेशी आहे,
ते जातील, आम्हीही जाऊ,
बस एकच आहे सकाळची.

"देल्ली का?" वासूनं विचारलं.
बोटात जंभेरीचा काटा घुसला होता,
मी तो दातानं काढत होते.
मान हलवली.