साडेचार इंच

ईरी शहरात, तळ्याकडून येणाऱ्या वाऱ्यात,
ओडेसा प्रुइटच्या दारात मी उभी राहिले
तेव्हा सात वाजून दहा मिनिटं झाली होती
आणि सहापैकी चार मुलांनी बूट काढून
आपापल्या नावाखाली उलटे ठेवले होते.

माझ्याकडे एकतीस पानांचा फॉर्म, खिशात मोजपट्टी.
मला राज्य सरकारने पाठवलंय, मी म्हणाले.
ती म्हणाली, कॉफी घेणार?
कॉफी घ्यायची नसते. नियम आहे.

मी मोजत गेले.
दोन खाटांमधलं अंतर तीन फूट, एका ठिकाणी अडीच.
पुस्तकं अठरा, पैकी फाटलेली सात.
फाटलेली धरायची नाहीत,
म्हणजे सगळ्यात जास्त वाचलेली धरायची नाहीत.
हात धुणं: वीस सेकंद, कोमट पाणी.
नेहेमायाने अकरा सेकंदांत उरकलं
आणि माझ्याच स्वेटरला पुसले.

जितके तारे तितका दर.
एका ताऱ्याला जे मिळतं, त्याहून चार ताऱ्यांना
रोज साडेसहा डॉलर जास्त, दर मुलामागे.
हिशोबात खोट नाही. चांगलं काम, चांगला दाम.
फक्त तिसऱ्या ताऱ्यासाठी मदतनीस ठेवावी लागते,
मदतनिसाला पगार लागतो,
आणि पगाराचे पैसे तिसऱ्या ताऱ्यानंतर येतात.
लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही,
वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही.
मी तिला ही म्हण इंग्रजीत सांगून पाहिली.
इंग्रजीत ती नुसतीच वाईट बातमी झाली.

दुपारी ट्रेव्हियन झोपेना.
त्याची आई रात्रपाळीला, प्लॅस्टिकच्या कारखान्यात;
त्याचं घड्याळही तसंच उलटं.
ओडेसा जमिनीवर बसली, गुडघा कट्‌कन वाजला,
तळवा त्याच्या पाठीवर. चाळीस मिनिटं.
पान बावीस, प्रश्न सहा:
मोठी व्यक्ती मुलाशी नवे शब्द वापरून बोलते का?
बोलत नव्हती. नुसता हात होता.
मी ‘नाही’ लिहिलं, खोडलं,
पुन्हा ‘नाही’ लिहिलं.

मग अंगण. झोक्याखाली लाकडाचा भुसा हवा सहा इंच.
कडेला सहा भरला. मधोमध,
जिथे रोज पाय घासतात तिथे, साडेचार.
पट्टी थोडी तिरकी धरली
तर साडेचाराचे सहा होतात,
हे त्या क्षणी मला कुणी शिकवावं लागलं नाही.
सरळ धर, ओडेसा मागून म्हणाली.
पोरं पडतात ती साडेचारावरच पडतात.

बावीस वर्षांपूर्वी, पिट्सबर्गला,
माझी मालविका शगुफ्ताबाजींकडे राहायची.
दुसरा मजला. परवाना नाही, तारा नाही,
शुक्रवारी पाकिटातून रोख.
मी तिथली पुस्तकं कधी मोजली नाहीत.
संध्याकाळी लेकीचे केस हुंगायचे,
त्यांना दुसऱ्या कुणाच्या तरी फोडणीचा वास असायचा,
आणि मग मला भूक लागायची.

हे कुठल्या पानावर लिहायचं?

साडेचारला पालक येऊ लागले.
ट्रेव्हियनची आई आली ती गणवेशातच,
इथूनच कामावर जायची असावी.
किती मिळाले, तिने हळूच विचारलं,
जसं काही तिचाच निकाल होता.
निकाल टपालाने येतो, मी म्हणाले.
दोन, हे मला आधीच माहीत होतं.
ओडेसालाही असावं. ती भुसा ओढायला
दाताळं शोधत होती, आज त्याचा उपयोग नव्हता तरी.

गाडीत बसल्यावर पाहिलं:
स्वेटरवर साबण वाळून पांढरा झालेला,
नीट न धुतलेल्या हाताचा.
पाचही बोटं मोजता येत होती.
फॉर्म मी मागच्या सीटवर टाकला
आणि किल्ली फिरवायची राहूनच गेली.