सतरा नंबरचं स्टेशन

येरेवानहून फोन. काल रात्रीचा धक्का
तुमच्याच गावाखाली झालेला दिसतोय.
मी म्हटलं, वार्दगेसआजोबांच्या कपातला चहासुद्धा
हिंदकळला नाही.
पलीकडे जरा वेळ कागद चाळल्याचा आवाज.
मग : घड्याळ बघ बरं तुझं, शोघिक.

घड्याळ चार सेकंद मागे.
चार सेकंदांत बुटाची नाडी बांधून होत नाही.
पण खडकातून लाट सेकंदाला सहा किलोमीटर पळते,
म्हणजे पलीकडच्या डोंगरातला धक्का
मी ओढत आणून ठेवला होता
जर्दाळूंच्या बागेखाली,
बागवाल्याला न विचारता.

पत्र्याची खोली. आत बेचाळीस अंश.
आधी बटणाएवढी बॅटरी बदलली. ढिम्म.
मग वाटलं कुणीतरी टाइमझोन बदलला असेल,
पण झोन चुकला तर तासच्या तास चुकतो,
असा वाळवीसारखा सेकंद कुरतडत नाही.
आत क्वार्ट्झचा एवढासा तुकडा,
सेकंदाला बत्तीस हजार सातशे अडुसष्ट वेळा थरथरणारा.
उन्हात तोही आळसावतो.
वरून उपग्रहानं रोज दटावलं की सरळ चालतो.
नोंदवहीत पाहिलं :
उपग्रह शून्य. शून्य. शून्य.
अकरा दिवस त्याला कुणी काही बोललंच नव्हतं.

शिडी लावली.
मार्चमध्ये शेजारच्या खांबावर असलेलं करकोच्याचं घरटं
वाढत वाढत अँटेनावर येऊन बसलेलं.
काटक्या, ओलं गवत, निळ्या दोरीचा तुकडा,
कुणाचा तरी एक पायमोजा,
आणि तीन पिल्लं, माझ्याकडे बघून
चोची कटकटवणारी,
जशी काही मीच उशिरा आले होते.

नियम सांगतो, अडथळा हटवा.
मी खाली उतरले
आणि ड्रॉवरमध्ये सिमकार्ड शोधायला लागले.

आता आकाशाऐवजी चार सर्व्हरना विचारायचं :
किती वाजले?
प्रश्न जायचा. उत्तर यायचं नाही.
एकशे तेवीस नंबरचं दार कंपनीनं लावून घेतलेलं.
त्यांचा गुरगेन तीन दिवस ‘बघतो’ म्हणाला,
चौथ्या दिवशी खरंच बघितलं.
उत्तरं आली. तिघांचं एकमत,
चौथा छातीठोकपणे चुकीचा.
त्याला वगळलं. आमच्या ग्रामसभेत हे इतकं सोपं नसतं.

एक गोष्ट मात्र मला पटत नाही.
प्रश्न कधी सुटला, उत्तर कधी पोचलं,
मधला वेळ मोजायचा आणि निम्मा करायचा.
जायला जेवढा लागला तेवढाच यायला,
असं धरून चालतं यंत्र.
माझा भाऊ वाहाग्न क्रास्नोदारला गेला तो एका रात्रीत,
टरबुजांच्या ट्रकमधून, गवंडीकामाला.
सहा वर्षं झाली, तो यायला निघालाय.
ह्याचं निम्मं कसं करायचं?

तोवर घड्याळ साडेपाच सेकंद मागे पडलेलं.
एका झटक्यात पुढे ढकललं असतं,
पण मग नोंदींत साडेपाच सेकंदांचं भोक राहतं,
त्यातून काहीही निसटू शकतं.
म्हणून प्रत्येक सेकंद केसभर आखूड केला,
इतका की सेकंदालाही कळू नये.
साडेपाच सेकंद फेडायला तीन तास लागले.
मी पायरीवर बसून जर्दाळू खाल्ले,
बिया खिशात.

येरेवाननं जुने आकडे दुरुस्त केले,
धक्का उचलून परत डोंगरात ठेवला.
फॉर्मवर बिघाडाचं कारण : वीज, उष्णता, चोरी, इतर.
इतरवर खूण केली.
पिल्लं जुलैत उडतील, तेव्हा शिडी पुन्हा.

वार्दगेसआजोबा मात्र रुसले.
त्यांनी सगळ्या गावाला सांगून टाकलं होतं
की धक्का आपल्याच खाली झाला,
आणि त्यांना तो जाणवला होता,
झोपेत, अगदी जरासा,
डाव्या कुशीवर असताना.