विहिरीत कामी आहे

कॅसेट उसनी होती, सोमवारपर्यंत.
कुमागाईने ती पायमोज्यात घालून दिली
आणि बजावलं, दिवा मालवून खेळ,
नाहीतर काही अर्थ नाही.
मी दिवा लावूनच खेळले.

हाकोदातेतला ऑक्टोबर. रॉकेलच्या शेगडीवर किटली,
आई मासळीच्या कारखान्यात रात्रपाळीला,
बाबा समुद्रावर, माकूळ धरायला,
सेइगो अभ्यासाच्या नावाखाली पालथा.
टीव्हीवर गरम झऱ्याकाठची एक बंद पडलेली खाणावळ
आणि प्रश्न : आत कोण कोण जाणार?

पाच जण.
प्रत्येकाला नाव चार अक्षरांपुरतं.
मला काय ठाऊक! मी घरचीच माणसं भरली,
तोकुजी, मिने, सेइगो, चिनामी.
पाचव्या जागी आमच्या हिगाशियामा बाई.
त्यांचं 'मा' मावलं नाही,
ते बिचारं उंबऱ्याबाहेरच राहिलं.
शहाणं म्हणायचं.

हातात वस्तू दोनच धरता येत.
बाबांना दोर दिला, दोर त्यांना कळतो.
आईला मेणबत्ती आणि किल्ली.
मला मीठ.
सेइगोला काही नाही, तो हरवून येतो.

पहिल्या दाराआड कुणी नव्हतं.
दुसऱ्या दाराआडही कुणी नव्हतं,
पण चपला होत्या, पाच जोड.
तिसऱ्या दाराआड एक बाई भिंतीकडे तोंड करून,
सोळा ठिपक्यांची बाई, तिला पाठ तेवढी दिलेली,
आणि तीनच सूर, तेच ते, तेच ते,
जसा कुणी शेजारी मागून मागून मीठ मागतो.

मग अंगणातली विहीर.
पाटीवर लिहिलेलं, विहिरीत कामी आहे.
तेव्हाच्या खेळांत नुसते उच्चार असत,
अर्थाची चित्रलिपी मावायची नाही.
कामी म्हणजे देव.
कामी म्हणजे कागद.
कामी म्हणजे डोक्यावरचे केस.
कोण आहे खाली ते उतरल्याशिवाय कळणार नव्हतं.

मी बाबांना काठावर नेलं.
तेवढ्यात सेइगो उठला, जांभई देत पुस्तिका चाळली
आणि मी न वाचलेली ओळ वाचून दाखवली :
गेलेलं माणूस परत येत नाही.

किटली उकळत होती. मी बटण दाबलं नाही.
पाचही जणांना काठावर तसंच उभं ठेवून
गेम सेव्ह केला,
आणि सोमवारी कॅसेट परत केली, पायमोज्यासकट.

मंगळवारी वर्ग झाडताना
कुमागाई केरसुणीवर हनुवटी टेकून म्हणाला,
तुझ्या सेव्हवरूनच पुढे खेळलो.
तुझे बाबा काल रात्री गेले. विहिरीत.
केस होते.

मी त्याला मारलं नाही. हे लिहून ठेवते,
कारण तो अजूनही सांगतो की मारलं.

संध्याकाळी चढावरच्या दगडी पायरीवर बसून
समुद्रावरचे दिवे मोजले.
माकळांच्या होड्या रात्री इतक्या उजळतात
की क्षितिजाला दुकानं लागल्यासारखी वाटतात.
एकोणीस.
पुन्हा मोजले. अठरा.
पुन्हा मोजायची छाती झाली नाही.

पहाटे बाबा आले. बाहीवर शाई, नखांत खवले,
नेहमीसारखे दारातच अर्धे झोपलेले.
मी सगळं सांगून टाकलं, एका दमात.
त्यांनी ऐकून घेतलं,
एखाद्या ओळखीच्या माणसाची बातमी ऐकावी तसं.
दोर कुणाकडे होता?
तुमच्याकडेच.
मग वर कुणी धरला होता?

कुणीच नाही, मी म्हणाले.

मग बरोबर आहे, बाबा म्हणाले,
आणि भात वाढ म्हणाले.

शनिवारी मी कॅसेट पुन्हा मागून आणली.
जुनी खोली, जुनी शेगडी. नवा खेळ.
आत कोण कोण जाणार?
कुमागाई.
बरोब्बर चार अक्षरांत बसला.

त्याच्या हातात दोर दिला.
आणि उठून दिवा मालवला.