कुही तालुका : पाहणीची वही

बायको म्हणाली, जमीन बघायची तर वैशाखात बघ,
श्रावणात सगळ्याच विहिरी सज्जन असतात.

म्हणून आज, पंचेचाळीस अंशांत,
डिकीत मोजपट्टी, सुतळीला बांधलेला दगड,
खिशात उन्हाचा कांदा,
आणि चौकटीची वही.
पहिल्या पानावर : वेळ आली तर.
कोणती वेळ, ते लिहिलं नाही.
एका रात्री नागनदी आमच्या जिन्याच्या
सहाव्या पायरीवर येऊन बसली होती,
तेव्हापासून मी उंची बघत फिरतो.

विहीर बत्तीस हात. दगड आधी आपटला, मग थोडा भिजला.
माती काळी. घर बांधायचं तर वरच्या मुरमावर,
नाही तर भिंती दर उन्हाळ्यात तोंड उघडतील.
ग्रामीण रुग्णालय एकोणीस किलोमीटर.
सापाच्या लसी किती, विचारलं;
शिपाई म्हणाला, साप किती त्यावर आहे साहेब.
रेंज : मोहाच्या बुंध्यापाशी, उभं राहून.
नाल्यावर पूल नाही, रपटा.
पावसाळ्यात चार-चार दिवस बुडतो.
(समासात : बरंच आहे, कोणी येणार नाही.
त्याखाली : आपणही जाणार नाही.)
वाघ करांडल्याकडून येतो-जातो.
त्याला गुण द्यायचे की कापायचे, ठरलं नाही.

बेरीज : शंभरात एकसष्ट.

मग पेन हातातून निसटलं, भेगेत गेलं,
टॉर्च मारला तरी दिसेना.
त्यामुळे यापुढचं वहीत नाही.

विहिरीची मालकीण पार्बताबाई नान्हे
मघापासून बांधावर उभी होती.
"पानी पायता का जागा पायता जी?"
दोन्ही, म्हणालो. वाईट दिवसांसाठी.
ती हसली नाही. म्हणाली,
"आमचं गाव धरनात गेलं.
तीन ट्रॉल्यात अख्खं घर आनलं मीनं."
सगळ्यात आधी काय भरलं, मी विचारलं,
एवढं एकच उत्तर मला वहीत हवं होतं.
"चुलीची राख. एक टोपलं.
पयल्याच दिवशी भांडे घासाले
शेजारनीकडे मागाव लागते,
अन् शेजारीन कोन, तेच ठाव नव्हतं."

मी वहीच्या रकान्यांकडे पाहिलं.
पाणी, माती, रस्ता, दवाखाना, वाघ.

"तुमी काय करत होते जी, नागपुराले?"
वीज मंडळात होतो.
एवढंच सांगितलं.
हे नाही सांगितलं की अठ्ठावीस वर्षं
मी गार खोलीत बसून फोन उचलायचो,
अमुक फीडर, तमुक फीडर,
रात्री नऊ ते पहाटे पाच, बंद.
कुही हा शब्द मी असा हजारदा उच्चारला,
गाव म्हणून आज पहिल्यांदा.

पण तिला काहीतरी कळलं असावं,
किंवा सगळ्याच शहरवाल्यांना ती हेच विचारत असेल :
"तुमाले येते काय?
म्हंजे वेळ आली, तं आमी तुमाले
कोन्या कामाले हाक मारायची?"

फ्यूज बांधता येतो, म्हणालो.
थोडं थांबून : हिशेब येतो.
आणखी थोडं थांबून, काहीच नाही.

तिनं बादलीचा दोर माझ्या हातात दिला.
"आधी हे काढा. मंग पाहू."

बत्तीस हात.
विसाव्याला माझे तळवे सोलले.
ती बांधावर उभी राहून मोजत होती,
तोंडानं नाही,
डोळ्यांनी.