रिव्हर्स कुठे असतो

दक्षिण आफ्रिकेत दोनशे बारा तास उडून आले.
लॉगबुकातले शिक्के केव्हाच सुकले,
आणि मी शिरपूरच्या धावपट्टीपाशी
बाभळीच्या विरळ सावलीत
पुन्हा हवाई नियम पाठ करते आहे.
तिथली पास इथे अर्धीच पास.

साहेबरावमामा आग्रा रोडवर ट्रक चालवायचे,
बिजासनचा घाट त्यांना झोपेतही यायचा.
“एकच लायसनवर मी कलकत्तापावत गऊ.
तठलं आभाय न्यारं शे का?”

नाही मामा. उंची तिथेही फुटांत,
रेडिओवर इंग्रजीही तीच.
सही करणारा साहेब मात्र वेगळा.
पुढे एअरबस मिळाली तर तिची नोंद निराळी,
आणि एका देशाने केलेली नोंद
दुसरा तपासल्याशिवाय घेत नाही.

मामा हसले. टाटा सोडून लेलँड धरली
तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं होतं:
रिव्हर्स कोठे शे?

आज परीक्षकाने तापीवर
न सांगता इंजिनाची ताकद काढून घेतली.
खाली केळीचे मळे, एकही मोकळं शेत नाही,
मग नदीकाठी एक पिवळा तुकडा.
तिकडे नाक वळवलं.
“हं,” म्हणाला. बाकी कागद दिल्लीला जातील.

तारेच्या कुंपणाबाहेर मामा,
हातात कळण्याच्या भाकरीचा डबा.
“याना रिव्हर्स कोठे शे?”
याला नसतो मामा.
हातानेच ढकलतात मागे.

त्यांनी डबा खाली ठेवला
आणि कुंपणापलीकडेच
बाह्या सरसावल्या.