सोबत

आम्रा, तुझ्या सारायेवोत तू मला पहिल्याच दिवशी
तांबटांच्या गल्लीत नेलं होतंस.
एक म्हातारा बंदुकीच्या रिकाम्या पुंगळीवर
वेलबुट्टी कोरत बसला होता.
त्या पुंगळीचं पेन तू मला घेऊन दिलंस.
मी मध्ये घासाघीस केली,
ते अजून टोचतं.

आता तू नाशकात, आणि मी तुला
आमच्या तांबट आळीत आणलंय.
ठोके ऐकून थांबलीस. म्हणालीस,
"हाच आवाज. आमचा हातोडा जरा हलका."
हंडा ठोकणाऱ्यानं मान वर केली,
"पाव्हण्यांना घ्यायचंय काही, की नुसतं बघायचंय?"
नुसतं बघायचंय, मी म्हणेपर्यंत
तू एक गडू कानाला लावून उभी.

तिकडे तुला सगळं ठाऊक होतं,
कुठल्या भिंतीत किती भोकं,
कुठल्या वळणावर मावशी पाण्याची कॅन घेऊन पळायची.
इथे तू विचारतेस आणि मी फोन काढते.
नारोशंकराची घंटा कुठली? थांब हं.
हा पूल कधीचा? थांब हं.
बेचाळीस वर्षं या गावात,
आणि मला नक्की माहीत फक्त पार्किंग कुठे मिळतं ते.

नदीचं नाव गोदावरी, पण आम्ही गंगा म्हणतो.
"का?"
आता याला का कुठून आणू?
"आणि तिला सिमेंटात का बसवलंय?"
हे मला ऐकूच आलं नाही.

दुतोंड्या मारुती मात्र मला येतो.
पाणी त्याच्या छातीला लागलं की दुकानदार
माल माळ्यावर चढवतात,
गळ्याला लागलं की शाळेला सुट्टी.
तू त्याच्या एका तोंडाला नमस्कार केलास,
मग वळसा घालून दुसऱ्याला,
राहून जायला नको म्हणून.

रामकुंडापाशी गुरुजींनी आडनाव विचारलं, मूळ गाव विचारलं.
वाळवे, मी म्हटलं. वडील नोटांच्या छापखान्यात लागले
म्हणून आम्ही इथले.
लाल फडक्यातली लांबट वही सुटली.
पणजोबांची ओळ, मोडीत. गुरुजींनी बोट ठेवून वाचली,
"शके अठराशे बेचाळीस, सिंहस्थ. सोबत कुटुंब, मुली दोन."
मुलींची नावं?
"तेव्हा घालत नसत," चष्मा पुसत ते म्हणाले.

तू त्या ओळीवर खूप वेळ वाकून राहिलीस.
तुमचं ग्रंथालय जळलं तेव्हा
काळी पानं गल्ल्यांतून उडत होती,
अक्षर दिसायचं, बोट लावलं की भुगा,
हे तू ट्राममध्ये सांगितलं होतंस, खिडकीबाहेर बघत.
आज काही बोलली नाहीस.

"सही करा."
मी पर्समधून तुझं ते पुंगळीचं पेन काढलं,
जपलंय हे दाखवायला आणलेलं.
उमटेचना. रिफिल वाळलेली.
झटकलं, तळव्यावर गिरवलं, तोंडाची वाफ दिली,
तू खो खो हसत पायरीवर बसलीस.
गुरुजींनी खिशातलं बॉलपेन पुढे केलं.

तारीख घातली. नाव घातलं.
"सोबत? या कोण लागतात?"
वहीत सुना असतात, नातू असतात,
कुणाकुणाच्या अस्थी असतात.
मैत्रीण, मी म्हटलं.
गुरुजी जरा थबकले. "लिहू दे की मग.
नाव पूर्ण घाला म्हणावं. गावासकट."

तू लिहिलंस. जागा पुरली नाही,
शेवटची अक्षरं समासात चढली.

मग मिसळ. पहिल्याच घासाला
तुझ्या डोळ्यांतून, नाकातून धारा.
कुठवर आलं, मी विचारलं.
पाव हातात तसाच धरून
तू दुसरा तळवा आडवा केलास,
आधी छातीशी,
मग गळ्याशी.