तीन ओळी मागे, तीन ओळी पुढे

सोहार. ऑगस्ट. रात्रीचे पावणेबारा.
काचेला बाहेरून घाम फुटलाय
आणि आत मी शाल गुंडाळून.
सकाळी आठला खलफान ऑडिटर येणार,
चौथ्यांदा तेच विचारणार, तितक्याच अदबीनं:
पाण्याच्या बिलातले हे बैसे जातात कुठे?

कधी तीन, कधी नऊ. चिमूटभरसुद्धा नाहीत.
पण दर मीटरमागे, दर महिन्याला,
एकोणीस वर्षं.

आधी मी नुसतं 'पाणी' शोधलं.
अकरा हजार ओळी
धरण फुटावं तशा पडद्यावरून वाहून गेल्या.
नवखी पोरं करतात ही चूक.
झोपेच्या भरात मीही केली.

मग चहा. मग शहाणपण:
काय हवंय ते नंतर सांगावं,
काय नको ते आधी.
उसन्या लायब्रऱ्यांचं कपाट नको,
जुन्या नोंदींचा गाळ नको,
चाचण्यांचे फोल्डर तर नकोतच.
आणि अख्खा शब्द हवा, शब्दाचं शेपूट नको,
नाहीतर 'कर' म्हणावं
तर नोकर, चाकर, लवकर
आणि आडनावांसकट निम्मं कोकण दाराशी उभं.

अकरा हजारांचे चारशे झाले.
चारशेंचे सत्तावीस.
आता फक्त तिथे बघ, म्हटलं,
जिथे हजारानं भागायचं सोडून
कुणी शंभरानं भागलंय.

एक.

रियालाचे हजार बैसे, दशांशापुढे तीन घरं,
आणि इथे तिसऱ्या घराचं दारच कुणी बांधलं नव्हतं.
काखेत कळसा, आणि मी चार दिवस
गावाला वळसा घालत होते.

पण एका ओळीवरून कुणाचा निकाल लावू नये.
हुकूम पुन्हा दिला:
तीन ओळी मागच्या दाखव, तीन पुढच्या.

मागची तिसरी, एक अट:
मीटर कामगारांच्या कॅम्पातलं असेल तर.
मागची दुसरी, रिकामी.
मागची पहिली, टिप्पणी.
अक्षरं इंग्रजी, पण बोली
दापोलीकडच्या कुठल्याशा खाडीतली:
'हय हात लावू नको. यांचा पानी आदीच खारा हाय. ब. परकार'

पुढची पहिली, बिल छापा.
पुढची दुसरी, कंस बंद.
पुढची तिसरी नाहीच. फाईल तिथे संपते.

बशीर परकार.
मी त्याला पाहिलेलं नाही.
माझ्या आधी दोघं होते, त्यांच्या आधी तो.
त्याचा एक स्टेपलर आहे माझ्या खणात,
पोटावर पांढऱ्या रंगात ब. प.
आणि कधी कधी तो दोन-दोन पिना सोडतो.

एक शून्य वाढवायचं. काम एवढंच.
वाढवलं.
खाली रस्त्यावर निळा टँकर वळला,
मागच्या नळातून ठिबकत,
कॅम्प अकराच्या दिशेनं.
शून्य खोडलं.

खलफानला काय सांगायचं
ते अजून सापडलेलं नाही,
आणि ते कुठल्या फोल्डरात शोधू
हेही कळत नाही.
मशीन टिप्पण्या वाचत नाही,
हिशोबात त्यांनी काडीचा फरक पडत नाही.
तरी ओळ दोनशे अकरा, परकारच्या खाली,
त्याच्याच उसन्या लिपीत
मी एक शब्द टाईप केला:

'वाचलं.'